जुन्या झेनची तेलगळती: गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

प्रश्न: वडिलांनी घेतलेली १९९७ ची मारुती झेन अजून घरात आहे, कार्बोरेटरची. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. दिवाळीपासून पार्किंगमध्ये इंजिनखाली रोज सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग दिसतो. डिपस्टिकवरून पाहिलं तर हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर तेल कमी होतंय. नेहमीच्या मेकॅनिकने खालून बघून सांगितलं, ‘मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’, खर्च साडेनऊ हजार. दुसऱ्याने इंजिनच बांधून घ्या म्हटलं, ते चाळीस हजार. इकडे सोसायटीने पार्किंगला नव्या फरश्या बसवल्यात आणि सेक्रेटरींची चिठ्ठी आली आहे. गाडी विकायची नाही. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: दोघांनाही थोडं थांबवा. साडेनऊ हजारांचं काम कदाचित लागेलही, चाळीस हजारांचं बहुधा लागणार नाही. पण आज तुमच्याकडे दोन्हींपैकी कशाचाच पुरावा नाही. खालून तेल दिसलं म्हणून मागचं सील (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं रबरी कडं) गेलं म्हणणं म्हणजे छताला ओल आली म्हणून त्याच खोलीतले नळ फोडणं. सोसायटीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी गच्चीत मुरतं आणि उतरतं भलत्याच घराच्या बेडरूममध्ये.

झेनचं ९९३ सीसीचं जी१०बी इंजिन गाडीत आडवं बसलेलं आहे. बोनेट उघडून समोर उभे राहा. तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, टायमिंग बेल्टचं कव्हर आहे. उजव्या हाताला गिअरबॉक्स. आणि सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, त्याच उजव्या टोकाला, गिअरबॉक्सच्या अगदी डोक्यावर, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग), ज्याला गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात. डिस्ट्रिब्युटर हेडमध्ये शिरतो तिथे एक रबरी ओ-रिंग असते. पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, चपटी होते आणि तेल सोडायला लागते. ते तेल हेडच्या टोकावरून खाली ओघळतं, बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या तोंडावर, येतं, त्याच्या गोलाईवरून फिरत तळाशी जातं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. मागचं क्रँक सील गेलं तरी थेंब नेमका तिथेच पडतो. जागा तीच, तेल तेच. फरक एवढाच की वरून आलेल्या तेलाची वाट बेल हाउसिंगच्या बाहेरून दिसते आणि सीलचं तेल आतून येतं. बाहेरून सगळं कोरडं आणि तळाच्या सांध्यात तेवढी ओल, असं दिसलं तरच मागच्या सीलवर बोट ठेवायचं. तुमच्या मेकॅनिकने गाडी वर घेऊन फक्त तळ पाहिला असेल तर हा फरक त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

शोध सुरू करण्याआधी तेलाचा हिशेब मांडू, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. तेलाचे साधारण २० ते ३० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. रुपयाएवढ्या डागाला दहा-बारा थेंब धरले तर रात्रीत अर्धा मिलिलिटर गेलं. महिन्याचे १५ मिलिलिटर, चहाच्या चमच्याने तीन चमचे. तुमची गाडी महिना-दीड महिन्यात हजार किलोमीटर चालत असेल, तर अर्धा लिटर काही या डागातून गेलेलं नाही. उरलेलं तेल एक तर गाडी चालू असताना गळतंय, किंवा सिलिंडरमध्ये जळतंय. फरशीवरचा डाग थांबला तरी डिपस्टिकची तक्रार कदाचित तशीच राहील, हे आधीच माहीत असलेलं बरं. नाहीतर साडेनऊ हजार खर्चून महिन्याभराने पुन्हा तेच.

हा आकडा अंदाजाने नको असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कोरडा पुठ्ठा वजन करून रात्री इंजिनखाली सरकवा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा, पुढची दोन चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा त्यावर करा. सकाळी पुन्हा वजन. एक ग्रॅम वाढला तर सव्वा मिलिलिटरहून थोडं कमी तेल. वजनापेक्षाही चाकांच्या खुणा जास्त कामाच्या: डाग ड्रायव्हरच्या बाजूला की गिअरबॉक्सच्या, चाकांच्या रेषेपुढे की मागे, हे कागदावर पक्कं राहतं. डिपस्टिकचं मोजमापही एकाच शिस्तीत करा. तीच सपाट जागा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, काडी पुसून एकदा आत-बाहेर, मगच वाचन. संध्याकाळी गाडी लावल्या लावल्या पाहिलं तर बरंच तेल अजून वर हेडमध्येच असतं आणि पातळी कमी दिसते.

पुठ्ठ्यावरचा डाग बोटाने चोळून वास घ्या. काळपट, बोटाला गुळगुळीत, साधा जळका वास असेल तर इंजिन ऑइल. गंधकासारखा उग्र, नाक मुरडायला लावणारा वास आला तर गिअर ऑइल. मग सगळा तपास गिअरबॉक्सच्या सीलांकडे आणि ड्राइव्ह शाफ्टकडे वळतो. हिरवट आणि पाण्यासारखं असेल तर कूलंट. एसीच्या पाण्याला रंगही नाही, वासही नाही. आणि डिपस्टिकचाही वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी खाली जाण्याऐवजी वर गेली, तर यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल थेट तेलात उतरत असू शकतं. असं पातळ झालेलं तेल धड सीलातूनही वाट काढतं आणि बेअरिंगचं नुकसान करतं ते वेगळंच. तसं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पंप, मग तेल आणि फिल्टर.

आता साफसफाई. हिच्याशिवाय पुढचं सगळं वाया. २७ वर्षांची मळी बसलेल्या इंजिनावर नवी गळती शोधता येत नाही, कारण ओलं सगळंच असतं. एक कळकळीची सूचना: गॅरेजवाला डिझेलच्या फवाऱ्याने इंजिन धुऊन देतो म्हणाला तर नको म्हणा. इंजिन चमकतं खरं, पण डिझेल मागे तेलकट थर सोडतं, तो दोन-तीन दिवस वाळत नाही, आणि त्या दोन-तीन दिवसांत तुम्हाला जे ओलं दिसेल ते गळतीचं की धुण्याचं, कोणालाच सांगता येणार नाही. रबराच्या नळ्यांनाही डिझेल मानवत नाही. त्याऐवजी पाण्यात मिसळणारा डिग्रीझर घ्या. इंजिन कोमट असू द्या, तापलेलं नको. डिस्ट्रिब्युटर, इग्निशन कॉइल, अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डिग्रीझर मारून दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने सांधे घासा, साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर वापरू नका. डेल्कोच्या टोपीत पाणी शिरलं की गाडी तिथेच बसते. वाळल्यावर संशयाच्या जागांवर ब्रेक क्लीनरचा फवारा मारून स्वच्छ फडक्याने पुसा. ब्रेक क्लीनर उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. तो पेट घेतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली आणि जवळ कोणाच्या हातात विडी नाही, एवढं पाहा. हे काम पावसाळ्यात धरू नका. रस्त्यावरचं पाणी खालून सगळ्या खुणा पुसून टाकतं. नाशिकचा हिवाळा यासाठी उत्तम.

कोरड्या झालेल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा: टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडेखाली, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, ऑइल प्रेशर स्विचभोवती, चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) कडेला, बेल हाउसिंगवर. बेल्टवर आणि पुलीवर नको. पांढऱ्या पावडरवर तेलाचा पहिला ओघळ काळ्या रेघेसारखा उमटतो आणि रेघेचं वरचं टोक तुम्हाला जागा दाखवतं. पूर्ण तपासात याहून स्वस्त आणि याहून प्रामाणिक साक्षीदार नाही.

मग टप्प्याटप्प्याने बघा. आधी गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवा, बंद करा, टॉर्चने पाहा. वाऱ्याने उडणं नाही, रस्त्याची धूळ नाही. या वेळी जे दिसतं ते सर्वांत विश्वासाचं. काही दिसलं नाही तर त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत जाऊन या, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, आणि पुन्हा पाहा. चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे आता नियम दोन: ओली दिसणारी सगळ्यात वरची जागा आणि सगळ्यात पुढची जागा. बाकीची ओल ही तिची प्रजा. जिथे डोकं शिरत नाही तिथे मोबाइल घालून व्हिडिओ काढा. दातांच्या डॉक्टरांसारखा छोटा आरसाही चालतो. खाली जायचं असेल तर सपाट जागा, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांची अडण आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीच नाही. विटांवरही नाही, वीट न सांगता फुटते.

पावडरने भागलं नाही तर तेलात टाकायचा फ्लुरोसंट रंग ऑनलाइन मिळतो, सोबत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. बाटलीवरच्या प्रमाणात टाका, पन्नास-शंभर किलोमीटर चालवा आणि रात्री पार्किंगचा दिवा बंद करून टॉर्च मारा. गळती पोपटी-पिवळी चमकते. फार काळ्या झालेल्या तेलात ही चमक मंद होते, म्हणून तेल बदलल्यानंतर टाकणं चांगलं.

आता एकेक संशयित.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हा सगळ्यात साधा. पॅकिंग दाबून पाहा. नखाने दबलं नाही, प्लॅस्टिकसारखं टक्‌ वाजलं, की ते संपलं. कव्हरच्या बोल्टखालचे रबरी वायसरही त्याच वेळी बदला, कारण ते कडक झाले की बोल्ट घट्ट वाटतो पण कव्हर दाबलं जात नाही. जुनं पॅकिंग काढून दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिथे पातं किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, चरा पडला की तीच नवी वाट. बोल्ट कसताना आपल्याकडे हमखास अति होतं. इथे लागतो तो पाच न्यूटन-मीटरच्या आसपासचा ताण, म्हणजे छोट्या रॅचेटला दोन बोटांनी दिलेला. तोही मधून बाहेर, दोन फेऱ्यांत. गळतंय म्हणून आणखी पिळलं की कव्हर वाकतं आणि गळती वाढते. सिलिकॉनचं (सांधे बुजवायच्या ट्यूबमधल्या पेस्टचं) म्हणाल तर कोपऱ्यांवर जोंधळ्याच्या दाण्याएवढं, बस्स. पूर्ण पॅकिंगला दोन्हीकडून ट्यूब पिळणारा कारागीर दिसला तर त्याचा हात धरा. आत दाबलेलं जादा सिलिकॉन सुटून चेंबरमध्ये पडतं आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतं. मग तेलगळतीच्या जागी ऑइल प्रेशरची लाल दिव्याची कटकट सुरू होते, आणि ती खरोखर महाग पडते.

डिस्ट्रिब्युटर. तुमच्या गाडीत आमचा पहिला संशय यावरच. तो हेडमध्ये शिरतो त्या कोपऱ्यात हात घाला, बुडाखालून बोट फिरवा. बोट ओलं आणि काळं आलं तर पुढचं वाचा. आधी टोपी उघडून आत पाहा. आतही तेल असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं आतलं सील गेलंय. नुसत्या ओ-रिंगने भागणार नाही, डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करावा किंवा बदलावा लागेल. अधूनमधून मिसिंगची तक्रार असेल तर तिचंही मूळ हेच. आत कोरडं असेल तर काम तासाभराचं. बॅटरीची तार काढा. डिस्ट्रिब्युटरचं बूड आणि हेड या दोन्हींवर सलग जाईल अशी एक रेघ पांढऱ्या रंगाने किंवा खिळ्याने ओढा. टोपी तारांसकट बाजूला करा, रोटर कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्याचा फोटो घ्या, बोल्ट सोडा आणि डिस्ट्रिब्युटर हलक्या हाताने फिरवत सरळ बाहेर ओढा. तो बाहेर असताना इंजिन फिरवू नका, कोणी चावी लावू नये म्हणून ती खिशात ठेवा. जुनी ओ-रिंग कापून काढा. तिचा छेद गोल न राहता चौकटीसारखा झालेला दिसेल. सीलिंग गेलं ते इथे. खाच पुसून नवी ओ-रिंग बसवा, तिला नवं इंजिन ऑइल चोळा, सिलिकॉन नको. ओ-रिंगला सिलिकॉन लावणं म्हणजे छत्री उघडून वर रेनकोट घालणं, शिवाय ती सरकून चिमटते. नमुना हातात घेऊन दुकानात जा, जाडी आणि आतला व्यास दोन्ही जुळवा. साध्या नायट्राइल रबरापेक्षा व्हिटॉनची मिळाली तर घ्या, उष्णता जास्त सोसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, सील आणि ओ-रिंग हा त्यांच्या रोजच्या हाताखालचा माल. रेघेला रेघ जुळवून डिस्ट्रिब्युटर परत बसवा आणि नंतर टायमिंग लाइटने टायमिंग एकदा तपासून घ्या. रेघ मारली होती म्हणून तपासायचं टाळू नका, दोन-तीन अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही पण घाटात कळतो.

ऑइल प्रेशर स्विच ब्लॉकवर, फिल्टरच्या आसपास असतो आणि तुमच्या डिपस्टिकच्या तक्रारीत याचा हात असू शकतो, कारण त्याच्यामागे पंपाचा पूर्ण दाब असतो. इंजिन बंद असताना तो निरागस कोरडा, चालू असताना मात्र तारेच्या टोकातून बारीक धार. तारेची टोपी ओढून पाहा. टोपीच्या आत तेल असेल तर स्विच फुटलाय, दुरुस्ती नाही, नवा घ्या. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढ्यांवर वेढे घालू नका. या स्विचला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं, टेप जास्त झाली की दिवा लागायचाच बंद होतो, आणि मग खरंच प्रेशर गेलं तरी कळणार नाही.

फिल्टरचं रबर आणि चेंबरचा ड्रेन बोल्ट लगेच पाहून होतात. जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी ब्लॉकलाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर चढला की दुहेरी रबर, आणि ते वाटेत कधीही निसटतं. फिल्टरचं रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा.

चेंबरची कड ओली असेल आणि वर सगळं खरंच कोरडं असेल तरच चेंबरला दोष द्या. त्याचे बोल्ट वर्षानुवर्षं पिळून पत्र्याच्या कडेला भोकांभोवती खळगे पडलेले असतात. चेंबर उतरवून, खाली लाकडाचा ठोकळा धरून, हातोडीने ते सपाट केल्याशिवाय कितीही नवं सिलिकॉन लावलं तरी टिकत नाही.

ड्रायव्हरच्या बाजूला टायमिंग कव्हरच्या खालच्या टोकाशी ओल दिसली तर गोष्ट वेगळी. तिथे दोन सील आहेत, वर कॅमशाफ्टचं आणि खाली क्रँकचं, ते ऑइल पंपाच्या बॉडीत बसतं. इथली गळती थेंबभर असली तरी टाळू नका. तेल टायमिंग बेल्टवर गेलं की रबर फुगतं, दाते सुटतात. एकदा कव्हर उघडलं की दोन्ही सील, बेल्ट आणि टेन्शनर एकाच वेळी. बेल्ट कधी बदलला याची नोंद तुमच्याकडे नसेल तर गळती नसली तरी तो बदलायला आलाय असं समजा.

सगळे सांधे तपासण्याआधीही एक गोष्ट पाहायची होती, ती मुद्दाम इथे सांगतोय, कारण नवी पॅकिंग बसवूनही चार महिन्यांत पुन्हा गळणाऱ्या इंजिनांत बहुतेकदा दोष हाच असतो. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस नेहमीच खाली उतरतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेककडे ओढला जायला हवा. व्हॉल्व्ह किंवा नळी काजळीने बुजली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तो सगळ्यात कमजोर सीलातून तेल बाहेर ढकलतो. इंजिन गरम असताना, जागेवर चालू ठेवून, तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ पॉलिथिनचा तुकडा ठेवा. तो आत ओढला गेला किंवा नुसता थरथरला तर ठीक. फुगून उडाला तर दाब आहे. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आत खुळखुळ वाजलं पाहिजे. मुका असेल तर नवा घाला, नळी कार्ब क्लीनरने आरपार करा, मगच पॅकिंगवर पैसे घाला. व्हॉल्व्ह नवा असूनही पॉलिथिन फुगतंच राहिलं, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका खरी.

आणि इथेच दुसऱ्या मेकॅनिकच्या चाळीस हजारांचा निकाल लावता येतो. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची तार काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. या इंजिनाला चौरस सेंटिमीटरला साधारण १४ किलो हा निरोगी आकडा, १२ च्या खाली गेला की दुखणं, आणि चार सिलिंडरांत आपसांत एक किलोहून जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, न चढता तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. चारही आकडे चांगले आले तर इंजिन बांधायचा विषय संपला.

कॉम्प्रेशन चांगलं आणि तरीही तेल जळत असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची सीलं. त्याची परीक्षा आपल्या भागात फुकट होते. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे, किंवा कसारा घाटातून खाली, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरा. या वेळी इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून आत शोषलं जातं. पायथ्याला सपाटीवर ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागच्या गाडीतल्या माणसाला निळसर धुराचा एक ढग दिसला आणि मग विरला, तर निदान पक्कं. सतत निळा धूर आणि चढावर जास्त, तर रिंगा. धूर कधीच नाही पण मागच्या काचेवर, डिकीच्या दारावर तेलकट धूळ बसते, तर चालत्या गाडीतली गळती. पुन्हा प्रेशर स्विच आणि फिल्टरकडे या.

एवढं सगळं कोरडं निघालं आणि बेल हाउसिंगच्या तळातून तरीही थेंब आला, तर गिअरबॉक्स उतरवा, बेलाशक. त्यात मजुरीच मोठी असते, म्हणून एकदा उतरला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील तिथेच पाहून घ्या. तेलात भिजलेली क्लच प्लेट धुऊन परत बसवू देऊ नका. मागचं सील एका ॲल्युमिनियमच्या घरात बसतं आणि त्या घराला ब्लॉकशी स्वतःचं पॅकिंग असतं. तेही बदला, कारण कधी सील ठणठणीत असतं आणि पॅकिंग गळतं. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला तेल चोळून बसवा, कोरडं बसवलेलं सील पहिल्या मिनिटातच जळतं. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली आहे का, नखाने पाहा. नख अडकलं तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवायला सांगा, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या जागेवर घासेल. साडेनऊ हजारांत हे सगळं धरलंय का, आधी विचारा.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या दुकानात मिळतात. त्या कडक झालेलं रबर थोडं फुगवतात, थोडे दिवस फरक पडतो. पत्र्याच्या खळग्याला किंवा फुटक्या स्विचला त्यांचा काही उपयोग नाही, आणि जास्त फुगलेलं सील नंतर मऊ पडून पूर्ण सुटतं. २०डब्ल्यू-५० सारखं जाड तेल भरून डाग कमी करणं हेही तसंच, आणि निफाड-नाशिकच्या जानेवारीच्या पहाटे ते जाड तेल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं. काम होईपर्यंत एक लिटरचा डबा डिकीत ठेवा आणि दर ३०० किलोमीटरला डिपस्टिक बघा. पातळी खालच्या खुणेला टेकू द्यायची नाही आणि वरच्या खुणेच्या वरही भरायची नाही. जास्त तेल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि सीलांवरचा दाब वाढतो.

सेक्रेटरींच्या फरशीसाठी: ताज्या डागावर कोरडं सिमेंट किंवा लाकडाचा भुसा टाकून रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून घ्या, उरलेल्यावर धुण्याची पावडर घट्ट कालवून अर्धा तास ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. आधी पाणी ओतू नका, डाग पसरतो आणि सांध्यातल्या सिमेंटात मुरतो. गाडीखाली तोपर्यंत जुना ट्रे किंवा पुठ्ठा असू द्या. तुमच्या तपासासाठी तो तसाही लागणारच आहे.